शेजारणीचा नवरा

६ जानेवारी

चि. भावजयीस आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला, कारण मला आता फुरसत नाही. आमच्या बिल्डिंगने मला सल्लागार नेमलं आहे. हसू नकोस. खाली लेटरबॉक्सच्या वर सूचना फलक आहे ना, ज्यावर पाच वर्षं ‘टाकीची सफाई, पाणी जपून वापरा’ एवढाच एक कागद पिवळा पडत होता, तिथे दर पंधरवड्याला माझं एक पान लागतं. ‘विचारा, सांगते.’ लोक माझ्या पेटीत चिठ्ठ्या टाकतात, मी उत्तरं लिहिते आणि सेक्रेटरी तो कागद टाचणीने लावतो. त्याला टाचणी सरळ लावता येत नाही, पण तो वेगळा विषय.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. तेव्हा मधे तोंड घालायला बंदी होती. ते सगळं साठलेलं आता बाहेर पडतंय असं समज.

आणि लोक काय विचारतात! दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेची चिठ्ठी होती, आमचा पोपट पाहुण्यांसमोर शिव्या देतो, काय करावं? मी लिहिलं, पोपट शिव्या शोधून काढत नाही, घरात कोण देतं ते बघा. तेव्हापासून तिचा नवरा जिन्यात माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत उतरतो. पाचव्या मजल्यावरचा बँकवाला विचारतो, वॉशिंग मशीनचा माणूस चार वेळा येऊन गेला, दर वेळी म्हणतो पार्ट बदलावा लागेल. मी लिहिलं, माणूस बदला. तळमजल्यावरची एक आहे, तिची सून तीन महिने तिच्याशी बोलत नाही. तिला लिहिलं, तुम्हीच आधी बोला, कारण चूक तुमची आहे. जिन्यात सगळं ऐकू येतं. माझा उजवा कान एक्स्चेंजच्या हेडफोनने खाल्ला, पण डाव्याने जिना बरोबर ऐकू येतो. फक्त फोनवरचं येत नाही. तेव्हा फोन करत जाऊ नका. तुझा नवरा, आमचा धाकटा, पलीकडून काहीतरी पुटपुटतो, मी ‘बरं बरं’ म्हणते, आणि दोघंही खोटं बोलून फोन ठेवतो.

त्यावरून आठवलं. तुझ्या मागच्या तिन्ही पत्रांखाली धाकट्याच्या दोन ओळी नाहीत. चौतीस वर्षं लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केल्या त्याने, आता रिटायर होऊन घरात बसलाय, बहिणीला दोन ओळी लिहायला हात जड होतो का? की वाळला आहे? तुझ्या हाताखाली माणूस वाळतोच, हे मी पूर्वीही म्हणाले आहे.

तुझी
वन्सं

०

१९ जानेवारी

ती. वन्संना नमस्कार.

तुमच्या बिल्डिंगचं अभिनंदन. जे मला अडतीस वर्षं न विचारता मिळालं, ते त्यांना निदान चिठ्ठी टाकल्यावर मिळतंय. मागच्या खेपेला मी तुमच्याकडे आले तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाखाली बादली होती, आणि त्या बादलीखाली दुसरी बादली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान. नळ दुरुस्त झाला असेल अशी आशा करते.

यांचा हात मुरगळला आहे म्हणून ओळी नाहीत. आमची चिंगी आता सहा वर्षांची झाली तरी मांजर दिसलं की पट्टा हिसकते. वाळलेले वगैरे नाहीत. वजन करून पाठवू का?

आता तुम्ही सल्लागारच आहात तर एक विचारते. माझं नाही, समोरच्या शेजारणीचं आहे. तिचा नवरा रिटायर झालेला, अंगाने धडधाकट. पण गेले काही महिने विचित्र वागतो. दूध आणायला गेला की दीड तासाने येतो, कधी दुधाशिवाय येतो. एकदा त्याने वर्तमानपत्र घडी करून फ्रिजमध्ये ठेवलं आणि दुधाची पिशवी लेटरबॉक्समध्ये. बायकोला जन्मभर ‘अगं’ म्हणत आला, आता मधेच ‘अहो बाई’ म्हणतो. परवा तिला विचारलं, ‘तुम्ही इथे कधीपासून आहात?’ तिला वाटलं थट्टा करतोय. ती हसली. तोही हसला, पण उत्तराची वाट बघत उभा राहिला.

त्यांच्याकडे कुत्रा आहे. तो फिरवायला निघाला की ही पंधरा पावलं मागून जाते, घरातल्या चपलेवर. तो मागे वळून म्हणतो, ‘बाई, तुम्ही माझ्या मागे का येता?’ रस्त्यातले लोक बघतात. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयाने होतं असं, आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. ती रात्री नीट झोपत नाही, दाराचा आवाज होईल म्हणून.

तिला काय सांगू? तुम्हाला माणसांची पारख आहे असं तुमचंच म्हणणं असतं.

आपली
भावजय

०

२८ जानेवारी

चि. भावजयीस आशीर्वाद.

नळाची चौकशी केलीस, आभारी आहे. प्लंबर येऊन गेला. आधी एका जागी गळत होतं, आता तीन जागी गळतं. त्याला मी फलकावर घेतलं आहे, नाव न घेता. पण बिल्डिंगमध्ये येणारा प्लंबर एकच असल्यामुळे त्याला कळलं.

तुझ्या शेजारणीचं वाचून मला तिची कीव आली नाही. राग आला. अगं, तो सोंग करतोय! झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, हे तिला कोणी सांगितलं नाही का? आमच्या एक्स्चेंजमधल्या सुपरवायझरबाईंचा नवरा अकरा वर्षं पाठ धरून बसला होता. बाईंनी नोकरी करावी, बाजार करावा, गादीसुद्धा बाईंनीच उचलावी. एक दिवस शेजारी नवीन बिऱ्हाड आलं, तिथली बाई दिसायला बरी होती. या पाठदुखीवाल्याने तिचा फ्रिज एकट्याने दोन जिने चढवला. बाईंनी खिडकीतून पाहिलं. त्यानंतर त्याची पाठ कायमची बरी झाली, कारण तिच्यावर इलाज झाला.

पुरुषांना भाजी आण म्हटलं की ऐकू येत नाही, बिल भर म्हटलं की दिसत नाही. याने पुढची पायरी गाठली, याला बायकोच आठवत नाही. सोय बघ किती! ‘अहो बाई’ म्हणे! आणि ही मूर्ख पंधरा पावलं मागून चपला फरफटत जाते. त्याला आणखी काय हवं? राजालासुद्धा एवढा लवाजमा नसतो.

तिला माझा निरोप सांग. एक दिवस मागे जायचं नाही. सकाळी त्याच्या हातात पट्टा द्यायचा, दार लावायचं आणि सरळ झोपायचं. चार तास हिंडेल. पोटात कावळे ओरडायला लागले की घर बरोबर आठवेल. कुत्र्याला आठवतं, माणसाला आठवणार नाही?

हा सल्ला मी फलकावरही लावला, ‘एका वाचक भगिनीस’ असा मथळा देऊन. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघींनी जिन्यात थांबवून सांगितलं, छान लिहिलंत. 

धाकट्याला म्हणावं, उजवा हात मुरगळला तर डाव्याने लिही. लहानपणी तो डावखुराच होता.

तुझी
वन्सं

०

१४ फेब्रुवारी

वन्सं,

शेजारणीने तुमचा सल्ला ऐकला.

मंगळवारी सकाळी आठ वाजता तिने नवऱ्याच्या हातात पट्टा दिला आणि दार लावलं. मागे गेली नाही. बारा वाजले, तो आला नाही. पोटात कावळे ओरडले असतील, पण घर आठवलं नाही. एक वाजता ती रस्त्यावर उतरली. दूधवाल्याला विचारलं, केमिस्टला विचारलं, इस्त्रीवाल्याला, बागेतल्या माळ्याला. सगळ्यांनी सांगितलं, आज दिसले नाहीत, आणि सगळ्यांनी पुढे विचारलं, तुम्ही रोज मागे असता ना? पोलीस चौकीत हवालदार लिहून घेताना म्हणाला, ‘अशा माणसाला एकटं सोडलंतच कसं?’ काय सांगणार ती? शेजारणीच्या नणंदेने सांगितलं म्हणून, असं सांगता येतं का?

संध्याकाळी सात वाजता सापडला. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, कुठल्याशा अनोळखी बिल्डिंगमध्ये. अकरा तास. उजव्या हाताची दोन बोटं चेचलेली. कुत्रं शेजारी धापा टाकत पडलेलं, आणि हा त्याला थोपटत ‘मुकादम, उगी, मुकादम’ म्हणत बसलेला. कोण हा मुकादम कुणास ठाऊक. त्याच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांना विचारलं, त्यांच्यात असं कोणी कधी नव्हतं.

हेही फलकावर लावा. मथळा तुम्हाला सुचेलच. भीक नको पण कुत्रा आवर, असं झालंय तिला तुमच्या सल्ल्याने.

०

१९ फेब्रुवारी

प्रिय भावजय,

मुकादम आमचा कुत्रा होता.

मी अकरा वर्षांची होते, धाकटा सहा. बाबांनी ते नाव ठेवलं, कारण तो स्वतः काही करायचा नाही आणि दुसरा कोणी काम करताना दिसला की भुंकायचा. तो मेला तेव्हा धाकटा तीन दिवस जेवला नव्हता, आणि त्यानंतर घरात त्याचं नाव कोणी काढलं नाही. तुला माहीत नसणारच. जगात दुसऱ्या कुठल्या घराने कुत्र्याचं नाव मुकादम ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

तुझ्या समोर शेजारीण नाही. तुझ्या समोर टायरचं गोदाम आहे. मागच्या खेपेला त्याच्या वासाबद्दल दोन दिवस मीच कटकट केली होती. पत्र वाचताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला उत्तर द्यायची इतकी घाई होती की प्रश्न कुणाचा आहे हे बघायला मी थांबले नाही.

काल खाली जाऊन फलकावरचा तो कागद काढला. टाचणी घट्ट बसली होती, कागद फाटला, वरचा अर्धा तिथेच राहिला. ‘एका वाचक भगिनीस’ एवढंच. सेक्रेटरी म्हणाला, अहो राहू द्या, लोकांना फार आवडला. मी त्याला जे म्हणाले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

किती दिवस चाललंय हे? खरं सांग. बोटं कशी आहेत?

मी येते.

ताई

०

२७ फेब्रुवारी

ती. वन्संना नमस्कार.

येऊ नका.

तुम्ही पहिल्यांदा मला ‘प्रिय’ लिहिलंत आणि खाली ‘ताई’ अशी सही केलीत. घाबरला आहात हे कळलं. पण घाबरलेलं माणूस सांभाळायला माझ्याकडे आता हात शिल्लक नाही.

तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी मलाही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी कळलं आणि मी लपवलं. तुमच्यापासून तर आधी. तुम्हाला आठवत नसेल, लग्नानंतर सहा वर्षांनी यांना न्यूमोनिया झाला होता. तुम्ही हॉस्पिटलात आलात, यांच्याकडे बघितलंत आणि नर्सच्या देखत म्हणालात, ‘धडधाकट दिला होता, काय करून ठेवलंस.’ बत्तीस वर्षं ते वाक्य माझ्याजवळ आहे. यांच्या डोक्यातून सगळं निसटत चाललंय असं मी कळवलं असतं तर तुम्ही काय लिहिलं असतं, ते मला तोंडपाठ होतं. म्हणून शेजारीण केली. शेजारणीबद्दल तरी तुम्ही खरं बोलाल असं वाटलं. बोललात.

आता त्या दिवसाचं सांगते, कारण मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं.

ज्या बिल्डिंगमध्ये हे सापडले तिथली लिफ्ट यांनीच वीस वर्षांपूर्वी बसवली होती. एवढ्या लांब चालत कसे गेले, कळत नाही. आत शिरले, चिंगीला घेऊन लिफ्टमध्ये उभे राहिले, आणि जो येईल त्याला हात आडवा करून सांगायला लागले, ‘काम चालू आहे, जिन्याने जा.’ नऊ मजल्यांची बिल्डिंग. माणसं दिवसभर जिन्याने गेली! सामान घेऊन, पोरं कडेवर घेऊन. कोणी विचारलं नाही, तुम्ही कोण, हत्यारं कुठायत, सोबत कुत्रं कशाला. वॉचमन मला म्हणाला, ‘बोलण्यात जरब होती, मॅडम, मला वाटलं कंपनीचे मोठे साहेब असतील.’ शेवटी सातव्या मजल्यावरची एक म्हातारी संध्याकाळी भांडायला उभी राहिली. माझे गुडघे गेलेत, दिवसभर काय काम करताय ते दाखवा तरी. तेव्हा हे म्हणाले, ‘दार नीट लागत नाही, आजी,’ आणि त्यांनी दाराला लावलेला हात दाखवला. बोटं सकाळीच कधीतरी चेचली होती. दिवसभर तसेच उभे होते. त्या म्हातारीने यांना खाली बसवलं, पाणी दिलं आणि पोलिसांना फोन केला. नऊ मजल्यांत अक्कल असलेली ती एकटी.

बोटं जुळताहेत. एक वाकडं राहील म्हणतात.

आणि आता जे लिहितेय ते वाचून झालं की पत्र फाडा. दोष तुमच्या सल्ल्याचा नाही. मला माहीत होतं हे सोंग नाही. तुमच्या आधी माहीत होतं, डॉक्टरच्या आधी माहीत होतं. पण कोणीतरी ठणकावून म्हणायला हवं होतं की हे सोंग आहे, दार लाव आणि झोप. असं बेधडक बोलेल असं माझ्या ओळखीत एकच माणूस होतं. म्हणून तुम्हाला विचारलं. तुमचं पत्र मी आठवडाभर उशीखाली ठेवलं होतं. त्या मंगळवारी दार लावलं आणि झोपले. सरळ चार तास झोपले, वन्सं. तीन वर्षांत तशी झोप लागली नव्हती. बाराला जाग आली तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं, आणि मग घड्याळ दिसलं.

तेव्हा येऊ नका. तुम्ही आलात की माझ्याकडे बघाल. 

आपली
भावजय

०

९ मे

चि. भावजयीस आशीर्वाद.

काल संध्याकाळी पोचले. डबा स्वच्छ होता, समोरचा प्रवासी नव्हता. घरात शिरले तर नळाखालची बादली कोरडी ठणठणीत. नळ दुरुस्त झाला म्हणून नव्हे, पाण्याची मोटर जळली म्हणून. नऊ आठवडे मी नव्हते तर या लोकांना मोटरवाला सापडला नाही. पेटीत चौदा चिठ्ठ्या होत्या. एक मांजर पडद्यावर चढतं, एका जावयाला सासूच्या घरी झोप येत नाही, एकीला चांगला शिंपी हवाय. सगळ्या एका पिशवीत भरून सेक्रेटरीच्या दाराला अडकवल्या आणि फलकावर कागद लावला, ‘सल्ला बंद आहे. शिंप्याचं शिंप्याला विचारा.’ लोक म्हणतात ताईंना गर्व झाला.

तुझं पत्र मी फाडलं नाही. ‘येऊ नका’ वाचलं आणि चार दिवसांनी तुझ्या दारात उभी राहिले. तू साखळी न काढता फटीतून म्हणालीस, ‘पत्र मिळालं नाही का?’ मी म्हणाले, ‘मिळालं, वाचलं, म्हणून आले.’ दार उघडायला तू बराच वेळ घेतलास. मी तेवढा वेळ टायरचा वास घेत उभी होते आणि तक्रार केली नाही, याची नोंद घे.

तू म्हणाली होतीस, मी आले की तुझ्याकडे बघेन. बघितलं. पहिल्या रात्री तू बैठकीच्या खोलीत दाराला खाट लावून झोपलीस, म्हणजे त्याने कडी काढली तर आधी तुला ढकलावं लागेल. मला आत पलंग दिलास. पहाटे मी बघितलं, तू बसूनच झोपली होतीस. न्यूमोनियाचं वाक्य मला खरंच आठवत नव्हतं. आता आठवतं. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती नीट जमणार नाही. जमली नाही तरी मागितली असं धर.

एक गोष्ट तुझ्या मनात सलते, मला दिसलं. मी घरात पाऊल टाकलं आणि तो ‘ताई!’ म्हणून उठला. आणि त्याच संध्याकाळी तुला म्हणाला, ‘बाई, आमच्या ताईला पाणी द्या.’ तू पाणी दिलंस आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे उगाच आपटलेस. मी आत यायला हवं होतं. आले नाही. मला त्याने ओळखलं याचा मला आनंद झाला होता, आणि तो लपवायला मी बाहेरच बसले.

आता तुला सांगायचं राहिलेलं. निघायच्या आदल्या दिवशी तू चिंगीला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होतीस. (त्या डॉक्टरबद्दल माझं मत मी सांगितलं आहे. कुत्र्याला हात लावायच्या आधी जो मालकाचे बूट बघतो, तो डॉक्टर नव्हे, चांभार.) आम्ही दोघं खिडकीत बसलो होतो. धाकटा मधेच म्हणाला, ‘ताई, ती बाई कुठे गेली?’

मी विचारलं, ‘कुठली?’

‘ती. सारखी ओरडते ती. जेव म्हणते, स्वेटर घाल म्हणते.’

‘येईल की आत्ता.’

मग माझ्या डाव्या कानाशी वाकून, हळू, म्हणजे कोणी ऐकू नये म्हणून, म्हणाला, ‘तू तिला काही बोलू नकोस हं, ताई. तुझी जीभ वाईट आहे. बोललीस तर ती निघून जाईल. तिला जाऊ देऊ नकोस.’

मी म्हणाले, ‘नाही बोलणार.’

मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू आलीस ती त्या डॉक्टरवर भडकून, आणि नंतर स्टेशनला निघायची गडबड. खरं म्हणजे सांगायचा धीर झाला नाही. पत्रात बरं पडतं.

मी घर भाड्याने देतेय. पाचव्या मजल्यावरच्या बँकवाल्याचा पुतण्या राहायला येतोय, पोरगा बावळट आहे पण नळाची कटकट करणार नाही. १२ जूनची गाडी ठरवली आहे. दाराला खाट लावून झोपायचं काम आपण दिवसाआड वाटून घेऊ. माझा उजवा कान गेलाय, त्यामुळे मी डावा कान दाराकडे करून झोपेन. नको म्हणू नकोस. म्हटलंस तरी मी फटीत उभी राहीन.

तुझी
ताई

०

१६ मे

ती. वन्संना नमस्कार.

पत्र मिळालं. चारदा वाचलं.

तुम्हाला खोटं बोलता येत नाही, वन्सं. एकतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी ऐकून तुम्हाला फक्त खरं आणि टोचणारं बोलता येतं. म्हणून मला नक्की ठरवता येत नाही. ‘सारखी ओरडते ती’ हे यांचं वाक्य आहे, त्यात शंका नाही. ‘तुझी जीभ वाईट आहे’ हेही यांचंच असणार, तुम्ही स्वतःबद्दल असं कशाला लिहाल? पण शेवटचं वाक्य कुणाचं, ते कळत नाही. गेल्या तीन वर्षांत यांनी एवढं लांब आणि सरळ काही बोललेलं मी ऐकलं नाही. तुम्ही बनवलं असेल तर तुमच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं, आणि ते माझ्यासाठी बोललात. यांनी म्हटलं असेल तर काही बोलायलाच नको. दोन्हींतलं कुठलं जास्त अवघड आहे याचा मी विचार करत बसले, आणि दूध उतू गेलं. विचारणार नाही. तुम्हीही सांगू नका.

इकडे विशेष नाही. दाराला वरच्या बाजूला कडी आणि छोटी घंटी बसवून घेतली. सुताराने दोन खेपा घातल्या; पहिल्यांदा घंटी अशी बसवली की दार उघडलं तर वाजत नाही, लावलं की वाजते. त्याला म्हटलं, माणूस परत आल्याचं कळून मला काय करायचंय? तो म्हणाला, बहुतेक लोकांना तेच हवं असतं, मॅडम. फार शहाणा.

दिवसभर माणसं सांभाळणाऱ्या केंद्रात यांना आठवड्यातून तीन दिवस पाठवायला लागले आहे. तिथल्या बाई मोठ्या गोड बोलतात, त्यामुळे तुम्हाला त्या आवडणार नाहीत. मलाही आवडत नाहीत. पण त्या तीन दुपारी मी झोपते, दार लावून, आणि मला माहीत असतं की ते कुठे आहेत. परवा तिथल्या पंख्याचं बटण बिघडलं होतं. हे खुर्ची घेऊन चढले आणि वाकड्या बोटाने ते दुरुस्त केलं. बाई घाबरल्या. मी नाही घाबरले.

घर भाड्याने देताय ते ठीक. पुतण्याला बादलीचं सांगून ठेवा. येताना जास्त सामान आणू नका, तुमचं कपाट ठेवायला इथे भिंत नाही. खाटेचं वाटून घ्यायचं मान्य आहे. सल्ला नको, एवढी एकच अट. चिंगीच्या खाण्याबद्दल तर अजिबात नको.

१२ जूनला स्टेशनवर आम्ही दोघं येऊ. हे तुम्हाला ओळखतील. मला त्या दिवशी ओळखतील की नाही, सांगता येत नाही. नाही ओळखलं, तर तुम्ही माझी ओळख करून द्या. नीट करून द्या, वन्सं. अडतीस वर्षांत तुम्ही ती एकदाही कोणाला बरी करून दिलेली नाही.

आपली
भावजय